रोझिनाच्या वजनाची गाडी

एबरहार्ट क्नाउसने जन्मभर गाड्या बनवल्या, पण शहाण्या माणसाने विकत घ्यावी अशी त्यात एकही नव्हती. एक शिडावर चालायची, म्हणजे वारा असला तर. दुसरी पुढे कुंथत जायची आणि मागे सुसाट. नेकार नदीकाठच्या त्या गावाने त्याला केव्हाच वेड्यात काढलं होतं.

शेवटची गाडी मात्र खरंच धावली. सायकलसारखी एकामागे एक दोन चाकं, कललीच तर टेकायला बाजूंना छोटी आधाराची चाकं आणि दोन बाजूंना दोन खुर्च्या. उजवीकडे तो, डावीकडे त्याची बायको रोझिना. दोघांचा तोल जुळला की गाडी सरळ. दर रविवारी दोघं पलीकडच्या गावी कॉफी प्यायला आणि आलुबुखाराचा केक खायला जायची.

हिवाळ्यात रोझिना गेली. तेव्हापासून गाडी उजवीकडे कलायची आणि आधाराचं छोटं चाक रस्त्यावर किंचाळत घासायचं. तरी तो दर रविवारी निघायचा.

"भावोजी, अख्खी गल्ली कानात बोटं घालते," रोझिनाची बहीण लिडिया म्हणाली. "बोल्ट सैल करून खुर्ची मधे सरकवायची. की तेवढंही जमत नाही आता?"

"जमतं."

"मग?"

"मग ती एकट्याची गाडी होईल."

लिडियाने विषय बदलला. "चर्चमध्ये कपडे गोळा करतायत. ताईचा जाड कोट तरी द्या."

त्याला रोझिनाची फार आठवण यायची, इतकी की केक तसाच बशीत राहायचा. आधार एकाच गोष्टीचा होता. ती महिनोन्महिने झिजत होती असं डॉक्टर म्हणाले, ते त्याने मानलं नव्हतं. शेवटच्या रविवारीसुद्धा गाडी सुतासारखी सरळ गेली होती. माणूस खोटं बोलेल, गाडी कशी बोलेल? म्हणजे ती फार दिवस सोसत नव्हती.

शेवटच्या महिन्यांत दर रविवारी ती गाडीत घालून बसायची तो खुंटीवरचा कोट त्याला एका हाताने उचलेना.

खिशांत दगड होते, नदीतले, स्वच्छ धुतलेले. अस्तराला आतून पिशव्या शिवल्या होत्या, त्यांतही दगडच. लिडियाने एक चपटा दगड हातात घेतला आणि उलटून पाहिला.

"हा कोबीच्या माठावरचा. आंबवताना कोबी दाबायला ठेवतो तो. मी विचारलं होतं तिला, कुठे गेला म्हणून. म्हणाली, यंदा कोबी घालतच नाही."

"तुला माहीत होतं? ती आजारी होती ते?"

"नव्हतं हो. मला वाटलं, आळस करतेय."

अंगावरचं वजन जेवढं उतरत गेलं, तेवढं ती खिशात भरत गेली होती. त्याचे रविवार मोडू नयेत म्हणून.

त्याने कोट बाहेर नेला, डाव्या खुर्चीत नीट बसवला, कॉलर सारखी केली. मग स्वतः उजवीकडे बसला. गाडी किंचित उचलली गेली आणि सावकाश पुन्हा त्याच्याच बाजूला कलली. ते दगड रोझिना झिजली तेवढ्याच वजनाचे होते. उरलेली रोझिना कुठून आणायची, ते त्याला कळेना.