दुसरा खिळा

माझ्या धाकट्या भावाने, वीरधवलने, कराडला बंगला बांधला आणि हॉलमध्ये सात घोडे लावले. पांढरेशुभ्र, समुद्रातून उधळत येणारे, दारातून शिरणाऱ्याच्या अंगावरच येतील असे. आमच्या घराण्यात घोड्यावर कुणी बसलेलं मला तरी माहीत नाही. आजोबांची एक म्हैस होती, तीही कधी पळाली नाही. पण वास्तुवाल्याने सांगितलं, घोडे लावा, भरभराट होईल. लावले.

वास्तुशांतीला मी सांगलीहून आले. आल्या आल्या भिंती बघितल्या. आईचा फोटो कुठे दिसेना. जुन्या घरी सोप्यात शिरलं की समोर आईच असायची. शोधत गेले तेव्हा जिन्याच्या वळणावर सापडली, इन्व्हर्टरच्या वर, जिथे दिवसाही दिवा लावावा लागतो. माझं डोकंच फिरलं.

"वीरधवल, आईला हितं का टांगलीस?"

"ताई, हॉलमधी हार घातलेला फोटो बरा दिसत न्हाई म्हणं. डिझायनर म्हणला."

"त्याला आई न्हाई व्हय?"

वीरधवलची बायको, संयोगिता, हळूच म्हणाली, "ताई, मी रोज उदबत्ती लावते तिथं." ते खरं होतं. म्हणून तिच्यावर धड ओरडताही येईना.

आबा सोफ्यावर बसून ऐकत होते. मांडीवर टोपी. जुन्या घरी आईच्या फोटोशेजारी खुंटी होती, बाहेरून आले की टोपी तिथे अडकवायचे. या घरात खुंटीच नाही. स्वतःच्या मुलाच्या घरात माझा बाप टोपी मांडीवर घेऊन पाहुण्यासारखा बसला होता, आणि मला आईपेक्षाही त्याचंच वाईट वाटलं.

दुपारी आबांचे चुलतभाऊ नानासो काका आले. काखेत कागदात गुंडाळलेली भलीमोठी फ्रेम. आबांनीच गुपचूप करायला टाकली होती. कागद काढला आणि संयोगिताच्या हातातलं ताट वाजलं. आत आबा होते. वीरधवलच्या लग्नातले, फेटा बांधलेले, एकटेच, मोठे केलेले. आणि फ्रेमला चंदनाचा हार!

म्हाताऱ्याचा एकट्याचा एवढा मोठा फोटो बघून फ्रेमवाल्याने काय समजायचं ते समजून घेतलं होतं. वर हार आपल्यातर्फे. काका कपाळावर हात मारून घेत होते. "आवं दादा, गुंडाळूनच दिला, मी उघडून बघितलाच न्हाई!"

आबा मात्र पोट धरून हसले. "बेस झालं. आता लाव भिंतीला."

"आबा, जित्या माणसाचा फोटो असा लावत्यात व्हय?" वीरधवलचा चेहरा पांढरा पडला होता.

"मी गेल्यावर तू कुठं लावणार, ते मला आत्ताच बघायचंय."

"हॉलमधीच की, आबा. समोर."

"खोटं नगं बोलू. तुजी आईबी समोरच हुती." आबांचं हसू गेलं होतं. "जिन्यात लाव. तिच्या शेजारी. ती अंधाराला लय भ्यायची."

वीरधवल फ्रेम, खिळे आणि हातोडी घेऊन जिन्यात गेला. आम्ही मागोमाग. त्याने आईच्या शेजारी फ्रेम धरून बघितली. खाली पायरीवर आबा उभे, वर हार घातलेले आबा. वीरधवलने फ्रेम खाली टेकवली.

"न्हाई जमत, आबा," तो म्हणाला आणि मटकन पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला. मीही रडले. कशाला लपवू?

मग त्याने डोळे पुसले, आईचा फोटो काढला, हॉलमध्ये आला आणि घोडे उतरवले. त्यांच्या खिळ्यावर आई आली. संयोगिताने आबांच्या फ्रेमचा चंदनाचा हार काढला आणि सासूला घातला. घोडे जिन्यात गेले. पळू देत तिथे हवं तितकं.

"शेजारी आजून एक खिळा मार," आबा म्हणाले.

"कशाला?"

"मार की. कवातरी लागंलच. धूळ एकदाच हुंदे."

वीरधवल हातोडी धरून नुसताच उभा राहिला. शेवटी आबांनीच त्याच्या हातातून ती घेतली, चार घाव घातले, खिळा हलवून बघितला आणि त्याला आपली टोपी अडकवली. मग सोफ्यावर पाय पसरून बसले आणि सुनेला म्हणाले, "संयोगिता, च्या टाक."

फेट्यातला फोटो आता त्यांच्या ट्रंकेत आहे, कागदात गुंडाळलेला. मी माहेरी आले की चपला काढायच्या आधी त्या खिळ्याकडे बघते. टोपी असली तर आबा घरात, नसली तर उसाकडे गेलेले. मला दोन्ही चालतं.