बेकरीपासून धाकटीच्या घरापर्यंतची रेघ

मित्रांनो, मी एक जुनी रेघ आहे. वहीतली नव्हे, कॉम्प्युटरमधली. दोन बहिणींच्या बेकरीत घरोघरी पाव पोचवण्याचा एक नकाशा आहे. त्यात प्रत्येक जागा म्हणजे एक ठिपका, आणि ठिपके जोडणाऱ्या आम्ही रेघा. धाकट्या बहिणीने कोडची एक ओळ लिहिली आणि बेकरीपासून तिच्या घरापर्यंत माझा जन्म झाला. पुढच्याच ओळीत माझी जुळी जन्मली, घरापासून बेकरीपर्यंत. मी जाण्याची, ती येण्याची. आमचा एकमेकींवर फार जीव!

गाडीवाले काका आमच्याशिवाय चाक हलवत नसत. एकदा ते स्वतःच्या डोक्याने गेले, तेव्हा थोरलीने त्यांना सगळ्यांदेखत झापले होते. तेव्हापासून ते डोके घरीच ठेवून येत.

मग बहिणींचे बिनसले. पावात मीठ दोनदा पडले आणि ते कोणी घातले यावरून जुंपली. "तुझ्या घरी आता एक पाव यायचा नाही!" थोरली कडाडली. "नकोच मला!" म्हणत धाकटीने आम्हा दोघींना पुसून टाकले आणि ती घरूनच काम करू लागली. मिठाशी आमचा काय संबंध, सांगा पाहू!

काही दिवसांनी थोरलीचा राग निवला. "पाव पाठवतेय. रेघ ओढ," एवढे बोलून तिने फोन ठेवला. धाकटीने डोळे पुसत मला पुन्हा ओढले. पाहते तर शेजारी जुळी नाही! धांदलीत तिने एकच ओळ लिहिली होती. मला रडू कोसळले, पण रेघेचे ऐकतो कोण?

काका ऐटीत पोचले आणि तिथेच अडकले. थोड्या वेळाने थोरलीचा फोन आला.

"काका, गाडी कुठंय?"

"धाकट्या ताईंकडे. परतीची रेघच नाही."

"अहो, आल्या रस्त्यानं या की!"

"नको ताई. मागं डोकं चालवलं, तेव्हा काय ऐकून घेतलं ते विसरलो नाही मी."

आणि त्यांनी चहाचा आणखी एक कप मागितला.

बेकरीत पाव थंड पडू लागले. शेवटी थोरली तणतणत पायीच निघाली. दारात धाकटी दिसली.

"पाव बरा होता ना?" थोरलीने कसेबसे विचारले.

"अळणी होता, ताई."

दोघी हसता हसता रडू लागल्या.

"आता ती परतीची रेघ ओढ बाई, मला गाडीतून निघायचंय."

"जेवून जा. मग ओढते."

मित्रांनो, आम्हा रेघांना जपा. पुसताना घाई करू नका, आणि जोडाल तेव्हा परतीची ओळही आठवणीने लिहा. जेवणे होऊन बराच वेळ झाला आहे, काका खुर्चीत घोरत आहेत आणि मला जुळीची फार आठवण येते आहे. पण ती आली की थोरली निघून जाईल, म्हणून आज मीही गप्प बसले आहे.