त्रेसष्ट नर

एक पांढरी चादर, एक दिवा आणि कुणाचीही भिंत, एवढ्या भांडवलावर मी वर्षभर गडचिरोली जिल्हा पालथा घालायला निघाले होते. बारा तालुक्यांतली बारा गावं, दर महिन्याला प्रत्येक गावी एक रात्र. दिव्यावर येणारी पाखरं, म्हणजे पुस्तकी भाषेत पतंग, ओळखायची, मोजायची, फोटो काढायचे. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. या कामासाठी अभ्यासरजा काढली तेव्हा स्टाफरूमची चांगली करमणूक झाली. "दहिवले मॅडमनी संसार केला नाही, आता पाखरं मोजतात," असं एक सर म्हणाले. मी म्हटलं, "सर, तुमचा संसार पाहिलाय मी. त्यापेक्षा पाखरं बरी."

रात्रभर जागणं मला जमत नाही. संध्याकाळी शाळेच्या भिंतीवर चादर ताणायची, दिवा लावायचा, वर्गात सतरंजी टाकून झोपायचं आणि पहाटे उठून चादरीवर बसून राहिलेल्यांची हजेरी घ्यायची, ही माझी पद्धत.

आरमोरीच्या पुढे जंगलाला लागून हिरडटोला आहे. तिथे ऐनाच्या झाडांवर कोसा पिकवणारी ढिवर समाजाची अकरा घरं आहेत. कोसा म्हणजे टसरचं रेशीम. ते देणारी अळी शेवटी पाखरूच होते, तेव्हा हे लोक माझ्या कितीतरी पिढ्या आधीपासून पतंगांचे जाणकार. त्यांतले सर्वांत जुने मुखरूभाऊ. त्यांची बायको नीलाबाई शाळेत खिचडी शिजवते, म्हणून माझं चहापाणी तिच्याकडेच. मुलगा धनराज चंद्रपूरला नोकरीला असतो, आणि त्याची बायको निशा, चिमूरकडची, चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी, चादर ताणताना दुसरं टोक धरायला यायची. बोलायची कमी, बघायची फार.

जूनमध्ये पहिल्याच फेरीत मी मुखरूभाऊंना विचारलं होतं, "भाऊ, तुमचं कोशाचं काम कुठे चालतं? मी दिवा तिथून लांब लावीन."

त्यांनी नाल्यापलीकडे हात केला. "तिकडं बाईमानसानं जायचं नाई, मॅडम. तेवढं पाळा."

पीक झाडावर असताना ही माणसं व्रतस्थ असतात. मटण-मासळी बंद, आणि पिकाजवळ बाईचा पाय पडता कामा नये. असले नियम आमच्या घराने छप्पन साली दीक्षा घेतानाच वेशीबाहेर टाकले. पण दुसऱ्याच्या पिकाच्या काठावर उभं राहून वाद घालायचा नसतो, एवढं मला कळतं. मी दिवा नाल्यापासून लांब, शाळेच्या मागच्या भिंतीवर लावायला लागले.

सप्टेंबरच्या फेरीत, बुधवारी पहाटे, मी मागे गेले आणि चादर पाहून डोळे चोळले. टसरचे नर. विटकरी रंगाचे, तळहाताएवढे, पिसासारख्या मिशा, प्रत्येक पंखावर एक गोल डोळा. एरवी एका रात्री एक आला, दोन आले, तर मी दिवसभर खूश असते. त्या दिवशी चादरीवर, भिंतीवर, खिडकीच्या गजांवर मिळून त्रेसष्ट. मी तीनदा मोजले आणि एकटीच मोठ्याने हसले. फोटो काढून देशभरातल्या पतंगवाल्यांच्या ग्रुपवर टाकले. दहा मिनिटांत अभिनंदनांची रीघ लागली. एकाने विचारलं, सगळे नरच कसे, मादी एकही नाही? मी लिहिलं, इकडचं जंगल फार दाट आहे. वीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलेल्या बाईचं हे उत्तर. मग मी चादर झुडपांवर झटकली आणि चहाला नीलाबाईकडे गेले.

तिची चूल पेटलेली नव्हती. ती ओट्यावर हातावर हात ठेवून बसली होती.

"नर उडून गेले, मॅडम," ती म्हणाली. "रात्री पाखरं निंघाले, अन् सकाळी पाह्यलं तं माद्या एकट्याच लटकून हायेत. जोड्याच नाई लागल्या."

"कुठून उडाले?"

"शाळंमागच्या जुन्या गोदामातून. औंदा बियाण्याचे कोसे तिथी टांगले होते. तुमाले नाई सांगतलं त्यायनं. बाईमानसाले सांगत नाई, नजर लागते. मलेच परवा समजलं."

मी वळून शाळेच्या भिंतीकडे पाहिलं. कोशातून पाखरं निघाली की त्याच रात्री नर-मादीची जोडी लागते आणि मग मादी अंडी घालते. जोडी नाही लागली तरी ती अंडी घालते, पण त्यांतून काहीही निघत नाही, आणि ते कळायला नऊ दिवस जावे लागतात. त्या गोदामावर अकरा घरांचं पीक होतं. आणि गोदाम माझ्या दिव्यापासून पन्नास पावलांवर होतं. गोदामाच्या बांबूच्या तट्ट्यांतल्या फटींतून निघून सगळे नर रात्रभर माझ्या चादरीवर आले होते, आणि मी त्यांची हजेरी घेत हसले होते.

"कोनाचा तरी पाय आत पडला असन," नीलाबाई म्हणाली. "त्याच्याबिगर असं होत नाई."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी तोंडात मिठाची गुळणी धरली. जिथे बाईने जायचं नाही तिथलं बियाणं बाईच्याच दिव्याने उधळलं, हे कोणत्या तोंडाने सांगणार होते मी? शिवाय माझं वर्ष होतं. नोंदीचे आठ महिने बाकी होते. एका गावाने हाकललं की बारा गावांत बातमी जाते. मी मनात म्हटलं, काही जोड्या लागल्याही असतील. मी चादरीची घडी केली आणि कुरखेड्याची वाट धरली.

तिथे त्या रात्री दिवा लावला खरा, पण सकाळी चादरीवर काय बसलं होतं ते आज माझ्या वहीत नाही. फोन वाजला की मी आधी नाव बघायचे, मग उचलायचे. ग्रुपवरचे फोटो मी काढून टाकले, मग वाटलं, काढले म्हणून उलट संशय येईल. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. दुकानात कुणी माझ्याकडे बघून हसलं तरी मी पाठ फिरवायचे. मादी किती दिवस जगते, अंडी कधी पोचट दिसायला लागतात, हे सगळं मला पाठ होतं. तेच तेच दिवस मी बोटांवर मोजत बसायचे. झोप अशी लागलीच नाही.

शनिवारी सकाळी राहवलं नाही. सहज केला असं दाखवत नीलाबाईला फोन लावला.

"सुनेवर आलं सारं," ती म्हणाली. "बुधवारी सांजले निशा गोदामातून निंघताना एकानं पाह्यली. इच्यारलं तं ती बी हो मनते. काऊन गेल्ती, ते सांगत नाई. आता सारे मनते, आधी बी गेली असन. आज दुपारच्या बसनं चिमूरले धाडून राह्यलो तिले. धनराजनं बी फोनवर हो मनलं. पीक निंघालं तं आनू."

आणि पीक नाही निघालं तर? हे मी विचारलं नाही. वड्याचं तेल वांग्यावर निघालं होतं, आणि ते वांगं चादरीचं टोक धरणारी मुलगी होती. मी तशीच निघाले. रस्ताभर एकच धास्ती, ती बस माझ्या आधी सुटू नये.

हिरडटोल्यात पोचले तेव्हा निशा ओट्याच्या कडेला पिशवी घेऊन उभी होती. मुखरूभाऊ खाटेवर. शेजारच्या दोन-तीन घरांतली माणसं अंगणात. मी चपला काढायचंही विसरले.

"भाऊ, नर माझ्या दिव्यावर आले," मी म्हटलं. "त्रेसष्ट होते. मी मोजले. मला बुधवारी सकाळीच कळलं होतं. निशाचा यात काही दोष नाही."

 सगळे ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मुखरूभाऊ पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"दिव्याचं जाऊ द्या," ते शेवटी म्हणाले. "कोसे कुठी हायेत ते मीच लपवलं. तुमाले कसं समजन? पन सकाळी समजलं ना तुमाले? तवाच सांगतलं असतं तं सांजले माद्या दोऱ्यानं ऐनाले बांधल्या असत्या. नर कुठी जाते? तिथीच राह्यते आसपास. रात्री येऊन लागले असते. मी तं कोनाचा पाय पडला तेच धुंडत बसलो. बियानं बाटलं मनून हात बी नाई लावला, आरमोरीले गेलो सरकारी अंडे मांगाले. ते बी नाई भेटले."

मादी झाडाला बांधून नर बोलावतात, हे मी वाचलेलं होतं. त्या तीन दिवसांत ते मला एकदाही आठवलं नव्हतं. मी स्वतःची कातडी वाचवायचा विचार करत होते, पाखरांचा नाही.

निशाने पिशवी खाली ठेवली. ती गोठ्यामागे गेली आणि तोंडाला फडकं बांधलेलं एक गाडगं घेऊन आली.

"बांधल्या होत्या, मामाजी," ती म्हणाली. "बावीस. बुधवारी पहाटे हंडा घेऊन आली तवा मॅडमची चादर पाह्यली. तुमी आरमोरीले गेले अन् मी आत गेली. टोपल्यात घालून नेल्या, नाल्याजवळच्या ऐनाले बांधल्या. सकाळी साऱ्यायले नर लागले होते. रात्री गाडग्यात ठेवल्या."

मुखरूभाऊंनी फडकं सोडलं आणि आत पाहिलं.  अंगणातलं कुणीतरी खाकरलं.

"गाठ कुठी मारली?" त्यांनी विचारलं.

"पंखाच्या बुडाशी. सैल."

"कोनं शिकवलं?"

"तुमी धनराजले सांगत जाता. भिंतीआडून ऐकाले येते."

त्यांनी गाडगं फेकलं नाही, आतही नेलं नाही. ओट्याच्या कोपऱ्यात, सावलीला ठेवलं. "निंघू दे. मंग पाहू," म्हणाले. दुपारची बस गेली. निशा राहिली, पण तिची पिशवी कुणी घरात नेली नाही. ती तिथेच गाडग्याशेजारी पडून राहिली.

पुढचा आठवडा मी कसा काढला ते माझं मलाच माहीत. गडचिरोलीच्या घरी बसले होते. नोंदी बंद. नर खरोखर लागले असतील का? उष्णता फार झाली तर? गाडग्याला मुंग्या लागल्या तर? आणि काही निघालंच नाही, तर सगळे म्हणणार, बघा, बाईचा हात लागला. मग ती मुलगी चिमूरहून कधीच परत येणार नाही, आणि माझ्या कबुलीला कुणी कवडीची किंमत देणार नाही.

शुक्रवारी मी हिरडटोल्यात हजर झाले. त्या दिवशी गोदामातल्या अंड्यांतून अळ्या निघायला हव्या होत्या. मुखरूभाऊ सकाळपासून तीनदा आत जाऊन आले. तिसऱ्यांदा बाहेर आले ते ओंजळीत थोडी अंडी घेऊन. त्यांनी ती माझ्यासमोर धरली. सगळी दबली होती, मधे खड्डे पडले होते. सुपात घोळून ती त्यांनी उकिरड्यावर टाकली. घरात त्या दिवशी कुणी धड जेवलं नाही. निशा गाडग्याकडे जाईना, आणि मी तिकडून नजर हलवेना.

शनिवारी उजाडताना नीलाबाईने मला वर्गात येऊन हलवलं. ती नुसता हात ओढत होती. ओट्यावर मुखरूभाऊ गाडग्याशी वाकून बसले होते. आत, टरफलं कुरतडून, मुंगीएवढ्या अळ्या बाहेर येत होत्या. एक, मग पाच, मग मोजता येईनात इतक्या. अकरा घरांना पुरणार नव्हत्या, पण गावाचं बियाणं मोडलं नव्हतं.

"निशा," मुखरूभाऊ मान वर न करता म्हणाले, "ऐनाचा कोवळा पाला आन. लवकर."

पाला आणणं हे पुरुषांचं काम. अंगणात आलेल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं, पण आड कुणी आलं नाही. निशा विळा घेऊन निघाली आणि मी तिच्या मागे. मला इतका आनंद झाला होता की बोलल्याशिवाय राहवेना.

"अगं, तुला सगळं माहीत होतं, तर मला तरी सांगायचंस," मी म्हटलं. "आपण दोघी मिळून बोललो असतो."

ती डहाळ्या तोडत राहिली. "आत्याबाई तुमाले सांगून राह्यल्या होत्या तवा मी मागंच उभी होती, मॅडम. तुमाले समजलं ते मी पाह्यलं."

मी खाली पडलेल्या डहाळ्या गोळा करायला लागले.

"मी पयले सांगतलं असतं तं गाडगं फेकून देल्लं असतं. तुमचं ऐकलं असतं साऱ्यायनं. मले वाटलं, मॅडम शिकल्या हायेत, सांगतीन. सांजलोक सांगतीन, नाई तं उद्या सांगतीन. मी तीन दिवस तुमची वाट पाह्यली."

ती रागावून बोलत नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. तिने आणखी एक फांदी वाकवली आणि मी धरावी म्हणून माझ्याकडे केली. मी फांदी धरून उभी राहिले, आणि पाला तोडून होईपर्यंत मला तिच्याकडे पाहता आलं नाही.