पहिला बास्केट होईपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी हिरवी गादी आहे. झोपायची नव्हे, बसायची. रुंदीला एका माणसापुरती, जाडीला चार बोटे. ज्यांच्यावर बसायचे असते त्यांना कुणी काही विचारत नाही. म्हणून म्हटले, आपले आपणच सांगावे.

जन्माने मी शाळेच्या बसमधली चालकाची बैठक. इंडियानातल्या मक्याच्या शेतांमधून ती पिवळी बस रोज सकाळी धावायची आणि अर्लीन फुल्क नावाची बाई ती चालवायची. पहिलीतली मुले रडत, नाक पुसत पायरी चढायची. काहींना तर आई मागून ढकलायची. तीच मुले बारावीत गेली की दारात उभी राहून लहानांचा हात धरायची आणि त्यांना वर घ्यायची. मधे काय झाले, कधी झाले, ते कुणाच्या ध्यानात येत नसे. अर्लीन आरशातून बघायची आणि स्वतःशीच हसायची.

पुढे बस मोडीत निघाली. अर्लीनचा धाकटा भाऊ मर्ल ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचा. त्याने माझे चांगले राहिलेले रेक्झिन कापून घेतले, आत नवा फोम भरला, जाड दोऱ्याने टीप मारली आणि वर धरायला एक पट्टा लावला. "घे, तुझं सिंहासन," तो बहिणीला म्हणाला. तेव्हापासून मी बास्केटबॉलची झाले.

आमच्या गावात ब्रॅडॉक कॉलेज आहे. कॉलेज लहान, पण हिवाळा आला की सगळे गाव बास्केटबॉलचे सामने बघायला त्याच्या व्यायामशाळेत जमते. अर्लीनची आणि मर्लची जागा ठरलेली, बास्केटच्या बरोबर मागे, दुसऱ्या ओळीत. तिथले बाक लाकडाचे आणि बर्फासारखे गार, म्हणून मला मान फार. अर्लीन मला आधी हाताने झटकायची आणि मग ठेवायची. पण ठेवल्या ठेवल्या बसायची नाही. आमच्याकडची रीतच आहे तशी. आपल्या संघाचा पहिला बास्केट होईपर्यंत कुणी बसत नाही. म्हातारे, लेकुरवाळ्या, सगळे उभे. आपल्या पोरांचे खाते उघडले नाही, तोवर आपण कसे टेकायचे? मग चेंडू जाळीतून उतरला की सगळी व्यायामशाळा एकदम खाली बसते. कधी एका मिनिटात, कधी चार मिनिटांत. तेवढा वेळ मी रिकामी असते आणि तोच वेळ मला सर्वांत जड जातो.

उन्हाळ्यात मला कुणी विचारत नसे. गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे पडून राहायचे. एकदा उंदराने माझा कोपरा कुरतडला. मर्लने ठिगळ लावले, तेही निळ्या रंगाचे. असो.

शरद ऋतूत नवी पोरे कॉलेजात आली की भावाबहिणीचे भांडण सुरू व्हायचे. मर्ल वर्तमानपत्र घेऊन बसायचा.

"हे बघ, अर्लीन. शेजारच्या कॉलेजानं शाळेतल्या खेळावर चार तारे मिळवलेला पोरगा उचलला. चार तारे!"

"तारे हॉटेलला देतात. पोराला कोच द्यावा लागतो."

"तू बसून राहा झाड वाढायची वाट बघत. आजकाल सगळे तयार माल आणतात. दुसऱ्या कॉलेजात दोन वर्षं खेळलेला घ्यायचा, आला तसा उतरवायचा."

"आणि तो काय आभाळातून पडला? त्यालाही कुणीतरी दोन वर्षं घडवलंच ना? त्या बिचाऱ्यांच्या हाती काय लागलं?"

"हार लागली. म्हणून तर पोरगा पळाला!"

अर्लीनचे प्रत्येक वेळी खरे व्हायचे असे नाही. किप नावाच्या एका पोराची तिने इतकी स्तुती केली होती की मर्लने कान झाकले होते. तो पोरगा नाताळच्या सुट्टीत घरी गेला तो परत आलाच नाही. मर्ल अजून प्रत्येक नाताळला विचारतो, "किपचं काही कार्ड?"

आणि मग टोबिन आला.

टोबिन रीस दक्षिणेकडच्या एका दुभत्या गाईंच्या गोठ्यातून आलेला. उंची सहा फूट दहा इंच आणि ती कुठे ठेवावी हे त्याला ठाऊक नव्हते. दारे त्याच्या कपाळाला लागायची. हातातला चेंडू आधी कमरेपर्यंत खाली न्यायचा आणि मग वर. तोवर समोरच्याने तो काढून घेतलेला असायचा. पहिले वर्षभर कोचने त्याला फक्त सराव दिला. दुसऱ्या वर्षी सामना हाताबाहेर गेला की शेवटची दोन मिनिटे.

"हा दिव्याचा खांब आहे, खेळाडू नाही," मर्ल म्हणायचा.

"पाय बघ त्याचे," अर्लीन म्हणायची. "मागच्या वर्षी एकमेकांत अडकत होते. आता नाही अडकत."

आमच्या गावात आणखी एक पद्धत आहे. बाहेरगावच्या खेळाडूला एखादे घर आपलेसे करते आणि रविवारी दुपारी जेवायला बोलावते. अर्लीनने टोबिनला मागून घेतले. उकडलेल्या कोंबडीच्या रश्श्यातल्या जाड शेवया आणि खाली कुस्करलेले बटाटे. तो तीनदा वाढून घ्यायचा. स्वयंपाकघरातली खुर्ची त्याला बुटकी पडायची, म्हणून अर्लीन त्याच्याखाली मला सरकवायची. तिच्याखेरीज माझ्यावर बसलेला तो एकटाच.

तिसऱ्या वर्षी कॉलेजने मर्लच्या मनासारखा एक तयार खेळाडू आणला. तो खेळायचाही छान. पण हिवाळ्याच्या मध्यावर त्याचा घोटा मुरगळला आणि एका मंगळवारी टोबिन प्रथमच सामन्याच्या सुरुवातीला मैदानात उतरला.

अर्लीनने मला बाकावर ठेवले आणि उभी राहिली. सगळे उभे राहिले.

टोबिनने पहिला चेंडू बास्केटखाली झेलला आणि मोकळा असून घालवला. समोरच्यांनी गुण केले. आमच्या दुसऱ्या एका पोराचा चेंडू बास्केटच्या कड्यावर आपटून बाहेर गेला. समोरच्यांनी आणखी गुण केले. टोबिनने परत घालवला. वेळ जात होता आणि लोक उभेच होते. मागच्या ओळीतून कुणीतरी ओरडले, "अरे, आम्हाला बसू दे रे!" लोक हसले, पण ते हसणे चांगले नव्हते.

"अर्लीन, तुझ्या झाडाला सांग, माझ्या गुडघ्यांची दया कर," मर्ल म्हणाला.

"गप्प बस."

"बसूच तर देत नाहीये!"

मग टोबिनला धक्का लागला आणि दोन फ्री थ्रो, म्हणजे कुणी अडवायचे नाही अशा दोन फेकी, मिळाल्या. तो रेषेवर उभा राहिला. त्याच्यासमोर बास्केट आणि बास्केटच्या मागे आम्ही. पहिला फ्री थ्रो चुकला. दुसऱ्यासाठी त्याने मान वर केली आणि त्याच क्षणी अर्लीन खाली आली. उभ्या गर्दीत एकटीच ती बसलेली.

मित्रांनो, आमच्याकडे पहिल्या बास्केटआधी बसणे म्हणजे काय, ते तुम्हाला कसे सांगू? शिवी दिलेली परवडते. बसणे म्हणजे तुमच्याकडून काही होणार नाही, आम्ही आशा सोडली.

टोबिनने ते पाहिले. त्याचा दुसरा फ्री थ्रो कड्यालाही लागला नाही. कोचने त्याला बाहेर घेतले आणि तो टॉवेल डोक्यावर ओढून बाकावर बसला.

खरे काय घडले ते सर्वांत आधी मला कळले. ती बसलीच नव्हती. तिचा उजवा गुडघा एकदम निसटला आणि ती तिरकी माझ्यावर कोसळली. माझी एक शिवण उसवली, फोम बाहेर आला. तिने ओठ दाबून धरले आणि मर्लला म्हणाली, "गाजावाजा करू नकोस. सामना चालू आहे." ती शेवटपर्यंत तशीच राहिली. आम्ही हरलो. मग मर्लने आणि शेजाऱ्याने तिला दोन्ही बाजूंनी धरून गाडीपर्यंत नेले. त्या गडबडीत मी बाकाखालीच राहिले.

सामन्यानंतर बाकांखालचा कचरा आमच्याकडे खेळाडूच झाडतात. टोबिन झाडू घेऊन आमच्या ओळीत आला आणि मला पाहून थांबला. जी गादी अर्लीन पोटाशी धरून न्यायची, ती अशी फाटकी, टाकलेली. त्याने मला उचलले आणि काखेत मारून आपल्या खोलीवर नेले. मी ओरडून सांगितले असते, पण गादीला तोंड कुठे असते?

मी त्याच्या वसतिगृहाच्या खोलीत पडून होते. तो आईशी फोनवर बोलायचा ते ऐकू यायचे. "नाही गं, त्या दुसऱ्या कॉलेजच्या कोचनं परत विचारलंय. त्यांच्याकडे जागा आहे... इथं कुणाला सांगितलं? नाही, अर्लीनबाईंनापण नाही. त्या बसल्या, आई. सगळे उभे होते आणि त्या बसल्या."

अर्लीनही त्याला फोन करेना. तिची जुनी समजूत अशी की, खेळाडू पडला की त्याला थोडे एकटे सोडावे. हाका मारल्या की तो जास्त लाजतो. त्याला वाटले, तिने पाठ फिरवली. दोघेही आपापल्या जागी शहाणे आणि मी मधे मुकी.

रविवारी त्याने कपड्यांची बॅग गाडीत टाकली. घरी जायचे, आईवडिलांशी बोलायचे आणि सोमवारी दुसऱ्या कॉलेजला होकार कळवायचा, असा बेत. मला त्याने शेजारच्या जागेवर ठेवले. वाटेत अर्लीनचे घर लागते. तिथे पायरीवर मला ठेवून निघून जायचे, असे त्याने ठरवले असावे, कारण गाडी त्याने चालूच ठेवली होती. पण तो वाकला तोच दार उघडले.

"आलास का? बरं झालं," मर्ल म्हणाला. "डोकं सांभाळ, ही चौकट माणसांसाठी बांधलीय."

"मी थांबत नाही, सर. एवढी गादी द्यायची होती. त्यांनी टाकून दिली होती, पण म्हटलं..."

"कुणी टाकून दिली? मी इकडं आख्खं घर पालथं घातलं या चिंधीपायी!"

"मर्ल, कोण आहे? दार लाव, गारठा येतोय!" आतून आवाज आला.

टोबिनने आत पाहिले. अर्लीन आरामखुर्चीत होती. उजवा पाय स्टुलावर, मांडीपासून पोटरीपर्यंत पट्ट्यात आवळलेला. बाजूला कुबड्या.

तो दारातच उभा राहिला. मग लहान मुलासारखे म्हणाला, "तुम्ही बसलात. पहिल्या बास्केटच्या आधी."

"बसले?" अर्लीनचा आवाज चढला. "मी बसले? अरे पोरा, मी पडले!"

"नववा महिना चालू असताना उभी राहिलेली बाई आहे ही," मर्ल म्हणाला. "तुझ्यासाठी बसेल होय? तू काय असा मोठा लागून गेलास?"

टोबिन माझ्यासकट जमिनीवरच बसला. त्याने तोंड माझ्यात खुपसले. तो रडत होता की हसत होता ते मलाही नीट कळले नाही. पण मला इतके हलके मात्र आयुष्यात कधी वाटले नव्हते.

मग त्याने दुसऱ्या कॉलेजचे सगळे सांगितले. अर्लीनने मधे तोंड घातले नाही. शेवटी म्हणाली, "तिथं तुला जास्त शिकवणार असतील तर जा. मी अडवणार नाही, डबाही बांधून देईन. पण म्हातारीचा गुडघा निसटला म्हणून जाऊ नकोस."

"मी दोन सोपे चेंडू घालवले, दोन्ही फ्री थ्रोपण."

"घालवलेस. पण एकदा तरी चेंडू कमरेपर्यंत खाली आणलास का?"

तो विचारात पडला. "नाही."

"तीन वर्षं लागली त्याला. पाय जागेवर, चेंडू वर. आता फक्त हात घाबरतात. हातांचं होईल."

"हे तुम्ही बघितलंत?"

"बास्केटमागं बसते मी. दुसरं काय बघणार, मर्लचं तोंड?"

टोबिन उठला आणि दाराकडे गेला. अर्लीनचा हात कुबडीवर घट्ट आवळला गेला. मी पाहिले.

"गाडी बंद करून येतो," तो म्हणाला. "आणि आईला फोन करतो. त्या कोचना नकार कळवायचाय. शेवया आहेत ना?"

"आहेत," मर्लच म्हणाला आणि घाईघाईने स्वयंपाकघरात गेला. तिथे त्याने बराच वेळ नाक शिंकरले. जेवण झाल्यावर त्याने माझी शिवण घातली.

पुढच्या घरच्या सामन्याला डॉक्टरांनी अर्लीनला जाऊ दिले, पण बजावून, उभे राहायचे नाही. त्यामुळे आम्ही दोघी आधीपासूनच बसलो होतो. आजूबाजूच्यांनी वळून वळून पाहिले. मर्लने छाती काढली. "तिच्या वाटचा मी उभा आहे. कुणाला काही म्हणायचंय?" कुणालाच नव्हते.

आणि मित्रांनो, टोबिनने त्या दिवशीही पहिला चेंडू घालवला. माझा फोम आक्रसला. पण त्याने बास्केटमागे पाहिले, अर्लीन बसलेली दिसली आणि तो चक्क हसला. पुढच्या खेपेला चेंडू कड्यावरून उसळला तो त्यानेच वर पकडला, खाली आणला नाही आणि तिथूनच जाळीत टाकला. सगळे गाव धपकन बसले. मर्ल मात्र उभाच राहिला. बसायचे विसरला होता.

माझे वय झाले आहे. टोबिन मोठा खेळाडू होईल की नाही, मला माहीत नाही. अर्लीनलाही माहीत नाही, आणि तिने पूर्वी चुका केल्या आहेत. तुम्हाला एवढेच सांगते. कच्च्या माणसाला वेळ द्या. आणि आपले कुणी मधेच खाली बसलेले दिसले, तर त्याने आशा सोडली असे लगेच धरून चालू नका. आधी जवळ जा. काय दुखते ते विचारा. विचारायला एक पायरी चढावी लागते, एवढेच. न विचारता माणूस गाव सोडून जातो.

खोटे वाटत असेल तर टोबिनला विचारा. फक्त आत्ता नको, तो सरावाला गेला आहे.