एकवीस मिनिटं

धक्क्यावरच्या जुन्या जकातघराचे फोटो लोक घरी नेऊन भिंतीवर लावतात. पाण्याकडे तोंड केलेल्या अकरा कमानी, मधोमध मनोरा, मनोऱ्यावर उंच खांब आणि खांबावर सरकणारा काळा गोळा, चांगला माणसाच्या उंचीचा. एकला पाच मिनिटं कमी असताना तो वर चढतो आणि बरोबर एकला खाली येतो. पूर्वी बंदरातली जहाजं त्यावरून घड्याळं लावत. आता घड्याळ ज्याच्या त्याच्या खिशात आहे, तरी बाहेरगावची मंडळी माना मोडेपर्यंत वर बघतात, गोळा पडला की टाळ्या पिटतात आणि जेवायला पांगतात. एवढ्यासाठी माणसं कुठून कुठून येतात, आता काय बोलावं!

गोळा पाडणाऱ्याकडे मात्र कोणी ढुंकूनही बघत नाही. गावानं त्याचं नाव एकवाजे ठेवलं होतं, आणि आता त्यांच्या बायकोलाही खरं नाव आठवायला जरा वेळ लागायचा. सव्वीस वर्षं एकवाजे रोज एकशे चौदा पायऱ्या चढत होते. चरखी फिरवून गोळा वर न्यायचा, भिंतीवरच्या घड्याळावर डोळा ठेवायचा, डाव्या पायानं खीळ दाबून उजव्या हातानं खटका ओढायचा. पाय जरा चुकला तर गोळा छप्पर फोडून खालच्या पाहुण्यांच्या डोक्यावर. म्हणून किल्ली एकच, माणूसही एकच. विजेचं यंत्र बसवायचं तर इमारत ऐतिहासिक, खिळा ठोकायलाही मनाई. बदली माणूस द्या म्हणून एकवाजेंनी किती अर्ज केले त्याला गणती नाही. माणूस मिळाला की बघू, हे ठरलेलं उत्तर. राहायच्या दोन खोल्याही त्याच इमारतीच्या तळाशी, नोकरी गेली की छप्परही गेलं. बेडी म्हणतात ती आणखी काय वेगळी असते?

या बेडीपायी एकुलत्या एका मुलीचं सगळं हुकलं. शाळेतलं तिचं नाटक दुपारचं होतं, हुकलं. पुढे ती शिकायला खाडीपलीकडे गेली, तिथंच तिचं लग्न ठरलं आणि लागलंही भर दुपारी. बाप पोचला तेव्हा जेवणं उरकून खुर्च्या उचलत होते. त्यानंतर तिचे फोन कमी झाले. आणि आज ती नवरा आणि तान्ह्या पोरीला घेऊन कायमची परदेशी निघाली होती. साडेचारला पलीकडच्या गावातून गाडी, आणि एकनंतरची लाँच थेट पाचला. नातीला एकवाजेंनी अजून मांडीवरसुद्धा घेतलं नव्हतं.

बायको सकाळच्या लाँचनं पुढे गेली होती. एकवाजेंनी तिला सांगितलं, एकच्या लाँचनं मी येतोच. तिनं पिशवीची गाठ मारता मारता त्यांच्याकडे बघितलं आणि नुसतं बरं म्हटलं. ते बरं त्यांना फार लागलं.

बेत त्यांनी पक्का केला होता. बाराला व्यवस्थापकांसमोर हजेरीची सही करायची. बारा पंचावन्नला गोळा वर न्यायचा, नाहीतर साहेब धावत वर येतील. मग खटका न ओढता दाराला कुलूप घालून मागच्या जिन्यानं पळ काढायचा. यंत्र अडकलंय असं खालच्यांना वाटेल, आणि काय झालंय हे कळेपर्यंत आपण भर पाण्यात. पुढचं पुढे.

तसंच केलं. उतरेपर्यंत एक वाजून गेला होता. लाँच गेली असणार, या विचारानं त्यांच्या तोंडचं पाणी पळालं, कारण कप्तान म्हणजे कमालीचा वक्तशीर माणूस. सव्वीस वर्षं एकवाजेंनी वरून बघितलं होतं, गोळा पडला की लाँच हलली. याला म्हणतात काम, असं ते मनात नेहमी म्हणायचे. पण बघतात तर लाँच जागेवरच! एकवाजे उडी मारून आत शिरले आणि बाकावर टेकले.

लाँच हलेना. पाच मिनिटं झाली, सात झाली. सुटकेस मांडीवर घेतलेली माणसं चुळबुळ करू लागली. एकवाजेंनी घाम पुसून कप्तानाकडे बघितलं. म्हातारा सुकाणूपाशी उभा राहून जकातघराकडे टक लावून बघत होता. त्याच्या मनगटावर घड्याळ नव्हतं.

एकवाजेंना तेव्हा कळलं. एक वाजता ते धक्क्यावर कधी आलेच नव्हते, मग कळणार कुठून? ते लाँचच्या वक्तशीरपणाचं कौतुक करत होते आणि लाँच त्यांच्या हाताकडे बघून सुटत होती.

ते उठून कप्तानापाशी गेले आणि हळूच म्हणाले, "गोळा पडायचा नाही. तो पाडणारा मीच. तुम्ही निघा."

कप्तानानं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. नाव ऐकून होता, तोंड पहिल्यांदाच बघत होता. मग त्यानं शांतपणे समजावलं. पलीकडची लाँचही याच गोळ्यावर सुटते. खाडीतली वाट दोन्ही काठांकडे अरुंद पट्ट्यातून जाते, दोघी एकदम निघाल्या तर मधल्या रुंद पाण्यात भेटतात. एक आधी निघाली किंवा एक मागे राहिली, तर गाठ पट्ट्यात, आणि तिथं बाजूला व्हायला जागा नाही. गोळा पडेपर्यंत तो निघू शकत नव्हता, आणि पडल्यावर कोणासाठी थांबू शकत नव्हता.

"दोन मिनिटं थांबा फक्त," एकवाजे म्हणाले. "माझी लेक चाललीय हो."

कप्तानाचा चेहरा उतरला. "माझ्या लाँचमध्ये चाळीस माणसं आहेत, एकवाजे. मी काय करू, तुम्हीच सांगा."

काय सांगणार? बसून राहिले तर लाँच हलणार नाही, उठले तर त्यांना सोडून जाणार. त्या बाकावर बसून जगात कुठंही जाता येत नव्हतं. एकवाजे लाँचमधून उतरले. पायऱ्या चढताना त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं, जिन्यात बघायला होतं कोण.

वर जाऊन त्यांनी खटक्यावर हात ठेवला. तोंडात शिवी आली ती नेमकी कोणाला द्यावी हे सुचेना. मग डाव्या पायानं खीळ दाबली आणि खटका ओढला. खाली टाळ्या झाल्या. लाँचनं भोंगा दिला आणि धक्का सोडला. कोणीतरी हाताचा कर्णा करून ओरडलं, पुन्हा एकदा करा, फोटो हलला.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मुलीचा होता.

"बाबा, गोळा आत्ता पडला."

"हो गं."

"एकवीस मिनिटं उशिरा. मी इथं धक्क्यावर उभी आहे. इथली लाँचपण थांबली होती, सगळे वरच बघत होते. आई म्हणाली, यंत्र बिघडलं असेल." मग तिनं हळूच विचारलं, "तुम्ही खाली उतरला होतात ना?"

"लाँचमध्ये बसलोसुद्धा होतो. जमलं नाही बाळा."

पलीकडे तान्ह्या पोरीची कुरकुर ऐकू आली, मुलगी तिला थोपटत होती. मग ती म्हणाली, "बाबा, गोळा परत वर न्या. आमची गाडी खाडीकाठानंच जाते. वळण येईपर्यंत तो दिसतो. मी हिला दाखवत नेते."

सव्वीस वर्षांत एक वाजून गेल्यावर गोळा कधी वर चढला नव्हता. एकवाजेंनी बाही सावरली आणि चरखी फिरवायला घेतली. खाली पुन्हा टाळ्या झाल्या, लोकांना वाटलं आपल्यासाठीच. थोड्या वेळानं जिन्यावर व्यवस्थापकांची पावलं वाजली, मग दारावर थापा. हे काय चाललंय, गोळा कोणाच्या परवानगीनं वर गेला, एकवीस मिनिटांचा खुलासा कोण देणार, साहेब बाहेरून विचारत राहिले. एकवाजेंनी आतून कडी घातली होती.

त्यांनी स्टूल खिडकीशी ओढलं आणि पलीकडच्या काठाकडे तोंड करून बसले. गाडी कुठली ते इतक्या लांबून ओळखू येणं शक्य नव्हतं. तरी साडेचारनंतर काठानं जाणाऱ्या प्रत्येक गाडीकडे ते वळणापर्यंत बघत राहिले, आणि गोळा त्यांनी खाली येऊ दिला नाही.