टाकीतले तीर्थ

उभ्या मोटारीचे इंजिन तीन ठोके नीट टाकी आणि चौथ्याला गचका खाई. त्यासरशी पुढे बांधलेला दसऱ्याचा वाळका हार थरथरे.

"कोर्टासमोर उभी केली की सगळे माना वळवून बघतात," मुकुंदराव वकील म्हणाले. "दमेकऱ्यासारखी." त्यांनी विड्याची पिंक अंगणाच्या भिंतीवर टाकली. भिंत तेवढ्या पट्ट्यात वर्षानुवर्षांची तांबडी होती.

सदाशिव मिस्त्रीने तिकडे पाहणे टाळले. हुबळीत दुर्गदबैलाच्या बाजारामागे त्याचे मोटारदुरुस्तीचे छप्पर होते. वीस वर्षे इंजिने ऐकण्यात गेली होती. पंधरा दिवसांपूर्वी धारवाडला येऊन याच अंगणात त्याने हाच गचका ऐकला, टाकी धुतली आणि चार शब्द उच्चारले: "पेट्रोलात पाणी आहे, साहेब." पाणी आले कुठून, ते पाहिले नाही. पाचची आगगाडी गाठायची होती.

त्या चार शब्दांवर वकिलांनी सोळा वर्षे चाकरीत असलेल्या शंकर ड्रायव्हरला कोर्टाच्या आवारात, पक्षकारांदेखत, चोर म्हटले. लढाईचे दिवस, पेट्रोल कुपनावर. हा पेट्रोल काढून विकतो आणि पाणी भरतो, असे ते म्हणाले. त्यानंतर धारवाडात कोणी शंकरला मोटारीजवळ उभे केले नाही.

तरी गचका परत आलाच होता. या खेपेला मिस्त्रीने निरोप धाडला होता, शंकर समोर असेल तरच हात लावीन. म्हणून शंकर आला होता. फाटकाशीच उभा होता.

सदाशिवाने पेचकस टेकवून एकेक प्लग तपासला. चारही जिवंत होते. मग पेट्रोल गाळणारी काचेची वाटी खोलली. तळाशी पांढुरके पाणी, त्यात पांढऱ्या गुठळ्या. पेट्रोलच्या वासाखालून नासक्या दुधाचा वास आला. जाळीला काळे काही चिकटले होते, ते त्याने नखाने सोडवले. तुळशीचे पान होते.

हा वास मागच्या खेपेलाही आला होता. तेव्हा त्याने नुसते हात पुसले होते.

"टाकीला कुलूप दिसतंय, साहेब."

"घातलंच. या शंक्याच्या भानगडीनंतर लोहाराकडून कडी बसवून घेतली."

"किल्ली?"

वकिलांनी सदऱ्यातून जानवे ओढून त्याला बांधलेली किल्ली दाखवली. "आंघोळीलासुद्धा काढत नाही."

"मग आत पाणी कुणी घातलं?"

उत्तर यायच्या आत वकिलांच्या आई, वेणूबाई, सोवळ्यात ओसरीवर आल्या. हातात पंचपात्र, त्यात पळी.

"मुकुंदा, किल्ली आण. आज उशीर झाला."

वकिलांनी रुमाल काढून तोंडाला लावला.

"तीर्थ आहे हो, अभिषेकाचं," वेणूबाई मिस्त्रीला म्हणाल्या. "दसऱ्यापासून रोज घालते, चार पळ्या. गाडी म्हातारी झाली, आता देवानंच सांभाळायची. आधी शंकर टोपण उघडून द्यायचा, आता हा देतो."

सदाशिवाने तळहात पुढे केला. "अक्का, हे जाळीत अडकलं होतं." त्यांनी ते पेट्रोलने माखलेले पान उचलून डोळ्यांना लावले आणि आत गेल्या.

"तू बोलला का नाहीस रे?" सदाशिवाने फाटकाकडे वळून विचारले.

"बोललो की, मिस्त्री. त्याच दिवशी. साहेब म्हणाले, चोरी झाकायला देवाला पुढं करतोस काय."

"चार पळ्यांनी काय होतं, असं वाटलं मला," वकील रुमालाआडून म्हणाले. "बरं, झालं ते झालं. शंकर, आजपासून ये कामावर. आणि मिस्त्री, कोणी विचारलं तर कार्ब्युरेटर झिजला होता म्हणायचं."

"मी पाणी म्हणालो, ते तुम्ही चारचौघांत सांगितलंत," सदाशिव म्हणाला. "आता विचारलं तर तीर्थ म्हणेन."

टाकी रिकामी करताना नळी तोंडाने ओढावी लागली. आंबट घोट जिभेवर आला. त्याने दोनदा चूळ भरली, चव गेली नाही. टाकी, नळ्या, कार्ब्युरेटरचा जेट धुऊन जोडायला साडेदहा झाले. हँडल मारायला शंकर न बोलावता आत आला. इंजिन लागले. ठोके एकसारखे पडू लागले, हार हलेना.

"चल, कोर्टाची वेळ झाली," वकील मागे बसत म्हणाले.

शंकरने हँडल पुसून जागेवर ठेवले. "साहेब, मी चोर नव्हतो, तेवढं कोर्टाच्या आवारात सांगा. चोर म्हणालात तिथंच."

"वेडा आहेस काय? लोक हसतील मला."

"हौदु, खरंय," शंकर म्हणाला. "हसतील."

तो फाटकाबाहेर पडला. वकिलांनी मिस्त्रीकडे पाहिले. मिस्त्रीने हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि शंकरच्या मागोमाग निघाला.

वळणापर्यंत इंजिन ऐकू येत होते. एकही ठोका चुकत नव्हता. शंकर थांबला.

"साहेबांना इंजिन बंद करता येत नाही," तो म्हणाला. त्याचे एक पाऊल मागे वळले होते. ते त्याने परत फिरवले आणि चालू लागला.