पुन्हा पान्हा

न्यूमोनियाने तिला पार पिळून काढलं होतं. इस्पितळातून घरी आली तेव्हा जिना चढताना मध्येच पायरीवर टेकावं लागलं. वर दारात सासूबाई उभ्या होत्या, कडेवर टिल्ली. तिने हात पुढे केले, तर लेकीने तोंड फिरवून आजीच्या खांद्यात खुपसलं.

दूध जवळजवळ आटलं होतं. छातीशी घेतलं की टिल्ली थोडा वेळ ओढायची, काही हाती लागत नाही म्हटल्यावर लालबुंद होऊन रडायची. मग सासूबाई बाटली आणायच्या आणि ती निमूट व्हायची.

"कशाला पोरीचे हाल करतेस?" त्या म्हणायच्या. "आणि तुझ्या अंगात तरी काय उरलंय?"

खरंच काही उरलं नव्हतं. नर्सने सांगितलं होतं, जेवढं ओढलं जाईल तेवढं येईल. बाळ ओढत नसेल तर पंपाने काढत राहा. म्हणून ती शिवणयंत्राशेजारी, गिऱ्हाइकांच्या अर्धवट झग्यांच्या ढिगाला टेकून पंप दाबत बसायची. मनगट भरून यायचं, पण पंपाच्या भांड्याचा तळसुद्धा झाकला जायचा नाही. नवरा कामावरून आला की पंप उकळून ठेवायचा आणि तिचे पाय चेपायचा.

एका दुपारी तिने पंप बाजूला सारला. "आई, मला नाही जमत आता." रडायचंही त्राण नव्हतं.

सासूबाईंनी बाटली उचलली, पण टिल्लीच्या तोंडाला लावली नाही. थोडं दूध वाटीत ओतलं, चमचा घेतला आणि तिच्याजवळ येऊन बसल्या.

"घे तिला."

टिल्ली छातीशी आली तशा त्या चमच्याने वरून, तिच्या ओठांपाशी ओघळेल असं, दूध थेंब थेंब सोडू लागल्या. जिभेला चव लागली, टिल्ली ओढू लागली. थांबली की पुन्हा थेंब.

"हे कुठे शिकलात?"

"शिकते कुठली, सुचलं आपलं. हलू नकोस, सांडतंय."

मग दर वेळी दोघी अशाच बसू लागल्या. सासूबाईंच्या पाठीला रग लागायची, तिचे डोळे मिटायचे. कित्येक दिवस काही फरक कळेना. आणि एकदा चमचा पुढे यायच्या आधीच टिल्लीच्या घशातून गिळल्याचा आवाज आला. मग परत. सासूबाईंनी चमचा हवेतच धरून ठेवला. हललं तर थांबेल की काय, असं दोघींना वाटलं.

पहिल्यासारखा पान्हा काही परतला नाही. संध्याकाळची बाटली चालूच राहिली.

"राहू दे," ती म्हणाली. "ती तुम्हीच पाजा."

सासूबाईंनी मान डोलावली आणि वेळ व्हायच्या आधीच दूध कोमट करायला उठल्या. ती होती तिथेच आडवी झाली.